माग आणि सुई : विणकामाचे अर्थकारण आणि देवनहळ्ळीचा रेशीमपट्टा

मराठीत 'विणणे' हे क्रियापद फार उदार आहे. मागावर लुगडे विणले जाते, सुयांवर स्वेटर विणला जातो, बाज विणली जाते आणि कोळ्याचे जाळेही विणलेच जाते. 'विणकर' ही संज्ञा मात्र आपण केवळ मागावर बसणाऱ्या कारागिरासाठी राखून ठेवली आहे. सुयांवर स्वेटर विणणाऱ्या स्त्रीला कोणी विणकर म्हणत नाही. शेजारच्या कन्नड भाषेत हा भेद क्रियेपासूनच सुरू होतो. मागावरचे काम ते 'नेय्गे', ते करणारा 'नेकार' आणि सुईवरचे काम ते 'हेणिगे'. शब्दांतील हा फरक वरवरचा नाही. दोन्ही कामांची तांत्रिक रचना, त्यांना लागणारे भांडवल, त्यांतून मिळणारी मजुरी आणि शासनदरबारी त्यांची होणारी नोंद या सर्वच बाबतींत ती एकमेकांपासून दूर आहेत.

ग्रामीण व निमशहरी भागांतील महिला बचत गटांसाठी स्वयंरोजगाराच्या योजना आखताना हा भेद पुष्कळदा नजरेआड होतो. वस्त्राशी संबंधित कोणतेही हस्तकौशल्य स्त्रियांना घरबसल्या उत्पन्न देईल, असे गृहीत धरले जाते आणि कमी खर्चाचे प्रशिक्षण निवडले जाते. हातमाग आणि सुईवरचे विणकाम यांची तुलना करून कोणत्या परिस्थितीत कोणते काम किफायतशीर ठरू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी बंगळुरूच्या उत्तरेकडील देवनहळ्ळी परिसराचा संदर्भ घेतला आहे. कारण धागा पिकविणारा आणि वेगाने शहरात ओढला जाणारा असा हा प्रदेश आहे.

रेशीमपट्ट्यातील स्थित्यंतर

देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूर राज्यात तुतीची लागवड आणि रेशीमकीटकांचे संगोपन यांना टिपूनेच राजाश्रय दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटा यांनी जपानी तज्ज्ञांच्या साह्याने बंगळुरूत रेशीम प्रक्षेत्र सुरू केले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालयही बंगळुरूतच आहे. देवनहळ्ळी तालुक्यातील विजयपुरा आणि जवळचे शिडलघट्टा ही गावे कोषांच्या बाजारासाठी व रेशीम काढण्याच्या व्यवसायासाठी ओळखली जातात. कच्च्या रेशमाच्या उत्पादनात कर्नाटक देशात अग्रेसर आहे.

तथापि, या पट्ट्यात तयार होणाऱ्या रेशमाचा मोठा भाग कापड होण्यासाठी इतरत्र जातो. कांचीपुरम आणि धर्मावरमच्या मागांना हे रेशीम लागते. महाराष्ट्रातील येवल्याच्या पैठणीसाठी लागणारे रेशीमही प्रामुख्याने बंगळुरूच्या बाजारातून येते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे नाव व मूल्य येवला-पैठणच्या खात्यावर जमा झाले. धागा देणाऱ्या प्रदेशाच्या वाट्याला कोषाची किंमत आणि रेशीम काढण्याची मजुरी एवढेच येते. देवनहळ्ळीच्या शेजारी दोड्डबळ्ळापूर येथे रेशमी साड्यांचा मोठा व्यवसाय आहे. पण तो मुख्यत्वे यंत्रमागाचा आहे.

२००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ बंगळुरूचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि या परिसराचे अर्थकारण पालटले. सुमारे चार हजार एकरांवरील या प्रकल्पापाठोपाठ औद्योगिक वसाहती, गोदामे आणि गृहसंकुले आली. तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतील १,७७७ एकर जमिनीच्या संपादनाला शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने तो प्रस्ताव मागे घेतला. जमीन राहिली तेथे तुती आणि कोष यांचे चक्र चालू राहू शकते. जमीन गेली तेथे पुरुषांना वाहनचालक, सुरक्षारक्षक वा मजूर म्हणून काम मिळते. स्त्रियांचे कीटकसंगोपनातील काम मात्र जमिनीबरोबरच संपते. त्याची जागा कोणते काम घेणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दोन धागे आणि एक धागा

मागावरचे कापड दोन धाग्यांच्या काटकोनातील गुंफणीतून तयार होते. उभे धागे म्हणजे ताणा. ते आधीच ताणून बसविलेले असतात. आडवा धागा म्हणजे बाणा. तो धोट्यातून ताण्याच्या आरपार जातो आणि फणीने ठोकून बसविला जातो. सुईवरच्या विणकामात एकच धागा असतो. त्याचा एक फास आधीच्या फासातून ओढून घेतला की एक टाका पुरा होतो आणि अशा टाक्यांच्या ओळींतून वस्त्र वाढत जाते. क्रोशेचे कामही फासांचेच; फरक एवढाच की तेथे एकच आकडेदार सुई वापरली जाते.

या मूलभूत फरकातून पुढचे सर्व गुणधर्म निघतात. ताण्यातील धागा सरळ व ताठ असल्यामुळे मागावरचे कापड आकार धरून राहते आणि फारसे ताणले जात नाही. फासांचे कापड ताणले जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते. म्हणून मोजे, टोपी, बनियन, स्वेटर अशा अंगाला बिलगणाऱ्या वस्त्रांसाठी ते योग्य ठरते. मागावरून नेहमी आयताकृती कापड उतरते. ते कापून शिवावयाचे तर सर्वसाधारणपणे दहा-पंधरा टक्के कापड कातरणात जाते. साडी, धोतर, उपरणे आणि घोंगडी ही आपली न शिवलेली वस्त्रे मात्र आयताचाच पुरेपूर उपयोग करतात. सुईवर टाके वाढवून वा घटवून वस्त्राला हवा तो आकार देता येतो, त्यामुळे कातरण उरतच नाही. चूक झाली तर विणकाम उसवून तोच धागा पुन्हा वापरता येतो. मागावर अशी मुभा फार मर्यादित असते आणि ताणी संपताना राहणारी टोके वाया जातात.

कोणता प्रदेश कोणत्या पद्धतीकडे वळला, याचेही उत्तर धागा आणि हवामान यांत सापडते. दख्खनच्या मेंढीची लोकर जाडीभरडी असते. धनगर आणि कर्नाटकातील कुरुबा समाजांनी तिचे घोंगडे व कांबळे मागावरच विणले, कारण अंगाला घट्ट बसणाऱ्या लोकरी कपड्याची येथील हवेत गरज नव्हती आणि ती लोकर त्वचेला सोसवणारीही नव्हती. याउलट हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये हाताने विणलेल्या मोजे-हातमोज्यांची परंपरा टिकली आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

वेळेचा हिशेब

दोन्ही कामांची आर्थिक तुलना करण्यासाठी एक साधे उदाहरण घेता येईल. ११५ सेंटिमीटर पन्ह्याचे मध्यम पोताचे सुती कापड घ्यावे, ज्यात दर सेंटिमीटरला २० उभे व २० आडवे धागे आहेत. या कापडाच्या ताण्यात २,३०० धागे असतील आणि एक मीटर लांबीसाठी धोटा २,००० वेळा फेकावा लागेल. मिनिटाला ४० फेकी धरल्या तर हे काम ५० मिनिटांचे आहे. तुटलेले धागे सांधणे, कांडी बदलणे आणि विश्रांती यांचा वेळ मिळविला की मीटरमागे दीड तास धरणे योग्य होईल.

आता तेवढ्याच क्षेत्रफळाचा, म्हणजे १.१५ चौरस मीटरचा, स्वेटर घ्यावा. मध्यम जाडीच्या लोकरीत दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात सुमारे २० टाके आणि २८ ओळी, म्हणजे ५६० टाके बसतात. अशा ११५ चौकोनांसाठी ६४,४०० टाके घालावे लागतील. सराईत हात मिनिटाला ३० टाके घालतो असे धरले तरी हे काम जवळपास ३६ तासांचे होते. एक मीटर कापड विणण्याच्या कामाहून ते चोवीस पट आहे. मागाची सारी किमया येथेच आहे. धोट्याच्या एका फेकीत २,३०० धागे एकदम गुंफले जातात. सुई मात्र दर वेळी एकच फास गुंफते.

परंतु हा वेग फुकट मिळत नाही. धोटा फिरण्यापूर्वी सूत उकलणे, रंगविणे, ताणी करणे, खळ देणे आणि २,३०० धागे एकेक करून जुन्या ताणीच्या टोकांशी सांधणे किंवा फणीतून ओवणे, ही कामे उरकावी लागतात. यांपैकी केवळ शेवटच्या कामाला दोन माणसांचे दोन दिवस, म्हणजे ३२ तास, लागतात असे धरू. ताणी दहा मीटरची असेल तर प्रत्येक मीटरवर तीन तासांहून अधिक बोजा पडेल. विणण्याच्या वेळेच्या दुप्पट. ताणी शंभर मीटरची असेल तर तोच बोजा वीस मिनिटांवर येईल. अर्थशास्त्राच्या भाषेत, मागाचा पूर्वतयारीचा खर्च हा स्थिर खर्च आहे आणि उत्पादन जितके लांब, तितका तो विभागला जातो. सुईच्या कामात असा स्थिर खर्च जवळजवळ नाहीच. पहिला टाका घातला की उत्पादन सुरू होते आणि शंभरावा स्वेटर पहिल्याइतकाच वेळ घेतो.

भांडवल कोठे अडते

यावरून दोन्ही व्यवसायांत अडचण कोठे येते हे स्पष्ट होते. हातमागावर ती सुरुवातीला येते. माग, त्यासाठी जागा, शंभर मीटरचे सूत आणि ताणी करून देणारे कुशल हात यांवाचून विणकर एक इंचही कापड काढू शकत नाही. रेशमाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. एक किलो कच्च्या रेशमासाठी साधारणतः सहा ते आठ किलो कोष लागतात आणि त्याचा दर किलोला काही हजार रुपये असतो. त्यावरील डिंक उकळून काढताना वजनात वीस ते पंचवीस टक्क्यांची घट येते. दोन-तीन साड्यांची ताणी चढविली की विणकर कुटुंबाचे अनेक महिन्यांचे खेळते भांडवल मागावर अडकते. ते स्वतःजवळ नसल्यामुळे विणकर सूत पुरविणाऱ्या व्यापाऱ्याकडे मजुरीने काम करू लागतो आणि मग कापडाच्या किमतीवर त्याचा अधिकार उरत नाही.

जागेचा प्रश्नही दुर्लक्षिता येत नाही. खड्डामाग जमिनीत रोवलेला असतो. देवनहळ्ळीसारख्या भागात, जेथे अनेक कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहू लागली आहेत, तेथे भाडेकरू जमिनीत खड्डा खणू शकत नाही. चौकटीचा माग बसवावयाचा तरी एक खोली कायमची त्यासाठी द्यावी लागते. शहराच्या जवळिकीने जागेचे भाडे वाढते आणि माग चालविण्याचा न दिसणारा खर्चही त्याबरोबर वाढतो.

सुईच्या कामात अडचण शेवटी येते. सुयांचा जोड आणि लोकरीचे गुंडे एवढ्या अल्प भांडवलावर काम सुरू होते. ते कोठेही नेता येते, केव्हाही थांबविता येते. स्वयंपाक, मुले आणि पाणी यांच्या धबडग्यातून मिळणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांतही ते पुढे सरकते. पण ज्या कामात कोणीही शिरू शकते, त्या कामाचा मोबदला खाली येतो. रोजची मजुरी ४०० रुपये धरली तर वरील उदाहरणातील स्वेटरची केवळ मजुरीच १,८०० रुपये होईल. यंत्रावर विणलेला स्वेटर बाजारात काही शे रुपयांना मिळत असताना हा भाव देणारा ग्राहक सहज भेटत नाही. त्याच दराने हातमागाच्या कापडाची मजुरी, पूर्वतयारी धरून, मीटरमागे शंभर रुपयांच्या घरात जाते. यंत्रमागाच्या तुलनेत तीही अधिकच आहे. परंतु ग्राहकाला पटवून देता येईल इतक्या मर्यादेत आहे.

यंत्राची स्पर्धा

दोन्ही व्यवसायांना यंत्राची स्पर्धा आहे, मात्र तिचा इतिहास वेगळा आहे. सुईच्या कामाचे यंत्रीकरण आधी झाले. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याची चौकट तयार केली. धोटा यांत्रिक रीतीने फेकण्याची जॉन के याची युक्ती १७३३ ची आणि कार्टराइटचा यंत्रमाग १७८५ चा. आज भारतात फासांच्या कापडाचा उद्योग तिरुप्पूर आणि लुधियाना येथे एकवटला आहे. एकट्या तिरुप्पूरची वार्षिक निर्यात २०२४-२५ मध्ये सुमारे ४० हजार कोटी रुपयांच्या घरात होती. साध्या सुलट-उलट टाक्यांच्या स्वेटरने या यंत्रांशी किमतीत स्पर्धा करणे अशक्य आहे.

मागावर हाताने काम करणाऱ्याला काही सुरक्षित जागा अजूनही आहेत. पैठणीच्या पदरावरील नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून विणली जाते. इलकल साडीत अंगाचा आणि पदराचा ताणा फासांनी जोडण्याची 'टोपी तेनी' ही पद्धत आहे. असे काम यंत्राने करणे अवघड वा महाग ठरते. कारागिराचे श्रम तेथेच टिकतात, जेथे त्यांचा मागमूस कापडावर स्पष्ट दिसतो. साध्या पोताच्या कापडात हा फरक ग्राहकाला दिसत नाही. तेथे हातमागाला कायद्याचा वा प्रमाणचिन्हाचा आधार लागतो.

तथापि, यंत्राची स्पर्धा नसणे एवढ्याने मजुरी वाढत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. क्रोशेची खरी वीण यंत्रावर काढता येत नाही असे या क्षेत्रात सर्वत्र मानले जाते. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकापासून क्रोशेची लेस विणत आहेत. तेथील परिस्थितीचा मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ विदुषीने केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेस परदेशी बाजारात जात होती, व्यापारी आणि निर्यातदार सधन होत होते. परंतु दिवसभर लेस विणणाऱ्या स्त्रिया 'रिकाम्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी' समजल्या जात आणि त्यांची मजुरी अत्यल्प होती. स्त्रिया घरोघरी विखुरलेल्या, माल व्यापाऱ्याच्या हाती आणि वेळेची नोंद कोणाकडेच नाही, अशा स्थितीत यंत्रापासूनच्या संरक्षणाचा लाभ विणणारीपर्यंत पोहोचला नाही.

नोंद असलेले आणि नोंद नसलेले श्रम

हातमागाच्या क्षेत्रात श्रमाची मोजणी तरी होते. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात ३५.२२ लाख हातमाग कामगार होते; त्यांपैकी २६.७३ लाख विणकर आणि ८.४८ लाख पूरक कामे करणारे. १९९५-९६ च्या गणनेत हीच संख्या ६५ लाखांच्या पुढे होती. ताज्या गणनेत कर्नाटकात सुमारे ५५ हजार, तर महाराष्ट्रात केवळ साडेतीन हजारांच्या आसपास हातमाग कामगार नोंदले गेले. देशभरातील हातमाग कामगारांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. यात ईशान्येकडील राज्यांचा वाटा मोठा आहे. दक्षिणेत व महाराष्ट्रात परंपरेने पुरुष मागावर बसत आले आणि कांड्या भरणे, सूत उकलणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करीत आली. ताणीच्या स्थिर खर्चाचा मोठा भाग अशा रीतीने घरातील विनामोबदला श्रमांनी उचलला, असे म्हणता येईल.

केवळ नोंद झाल्याने उत्पन्न वाढते, असेही नाही. त्याच गणनेनुसार सुमारे ६६ टक्के विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी होते. मात्र नोंद असल्यामुळे विणकरापर्यंत योजना पोहोचू शकते. हातमागासाठी १९८५ चा आरक्षण कायदा आहे. त्याखाली आरंभी २२ प्रकारची वस्त्रे राखीव होती, पुढे ती ११ वर आली. सूत गिरण्यांवर लडीच्या स्वरूपातील सूत पुरविण्याचे बंधन आहे. त्याचे प्रमाण २०१९ मध्ये ४० वरून ३० टक्क्यांवर आणले गेले. हातमाग चिन्ह २००६ पासून दिले जाते. सवलतीचे कर्ज, सुतावरील अनुदान आणि घराजवळ कार्यशाळा बांधण्यासाठी साहाय्य अशाही तरतुदी आहेत.

सुईवर विणणाऱ्या स्त्रीला यांपैकी फारसे काही लागू होत नाही. १९८५ च्या कायद्यानुसार हातमाग म्हणजे यंत्रमाग नसलेला माग. सुया हा माग नव्हे. ती हस्तकलेच्या वर्गात मोडते, परंतु तेथेही परंपरागत कारागिरांच्या तुलनेत तिचे स्थान अस्पष्ट राहते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, मासेमारीचे जाळे विणणाराही आहे; सुईवर वस्त्रे विणणारी स्त्री नाही.

धोरणासाठी काही निष्कर्ष

या विवेचनातून पहिला निष्कर्ष असा निघतो की, ज्या टप्प्यावर कारागीर एकटा असमर्थ ठरतो, त्या टप्प्यावर सार्वजनिक निधी खर्च झाला पाहिजे. हातमागात हा टप्पा पूर्वतयारीचा आहे. प्रत्येक स्त्रीला माग वाटण्यापेक्षा रंगाई, खळ आणि ताणी यांची सामायिक सुविधा उभारून तयार ताणी विणणाऱ्यांपर्यंत पोहोचविली, तर स्थिर खर्च गटात विभागला जाईल, सुताचे भांडवल एकेका कुटुंबावर पडणार नाही आणि भाड्याच्या घरांची अडचणही सामायिक कार्यशाळेने सुटेल. सुईच्या कामात हा टप्पा विक्रीचा आहे. तेथे सुया आणि लोकर वाटून प्रशिक्षण संपविणे म्हणजे जो टप्पा स्त्रिया स्वतःच पार करू शकतात त्यावरच निधी खर्च करणे होय. रचना, मापांचे प्रमाणीकरण, आगाऊ मागणी आणि टाक्यांच्या संख्येवर आधारित दर यांची व्यवस्था तेथे अधिक मोलाची ठरेल. ६४ हजार टाक्यांच्या कामाचा हिशेब कागदावर मांडला गेला, तर 'फावल्या वेळचे काम' हा शब्दप्रयोग आपोआप मागे पडेल.

दुसरा निष्कर्ष स्त्रियांच्या वेळेविषयी आहे. सलग पाच-सहा तास घराबाहेर बसू शकणाऱ्या स्त्रीला माग अधिक उत्पन्न देईल. जिचा वेळ तुकड्यांत विभागलेला आहे तिला सुई सोयीची पडेल. म्हणून प्रशिक्षणार्थी निवडताना तिच्या दिवसाची रचना जाणून घेणे आवश्यक आहे. शिवाय देवनहळ्ळीच्या परिसरात विमानतळ, गोदामे आणि दोड्डबळ्ळापूरचे तयार कपड्यांचे कारखाने नियमित वेतन देतात. हस्तकामाचे ताशी उत्पन्न या वेतनाच्या जवळपास जात नसेल, तर तरुण मुली त्याकडे वळणार नाहीत आणि तसे न वळण्यात त्यांची काही चूकही नाही.

तिसरा निष्कर्ष कच्च्या मालाचा आहे. देवनहळ्ळीच्या रेशीमपट्ट्यात दोन्ही प्रकारच्या कामांना पोषक धागा उपलब्ध होऊ शकतो. कोषातून सलग निघणारा रेशमाचा तंतू गुळगुळीत आणि बळकट असतो. मागाचा ताण तो उत्तम सोसतो. रेशीम काढताना उरणारा चोथा व फुटलेले कोष यांपासून कातलेले रेशीम तयार होते. कर्नाटकात चन्नपट्टणची गिरणी १९३० च्या दशकापासून या कामासाठी ओळखली जाते. हा धागा किंचित फुगीर व मऊ असतो, म्हणून तो सुईच्या कामाला मानवतो. बंगळुरूच्या सौम्य हवेत जाड लोकरी स्वेटरला मागणी मर्यादित असली, तरी कातलेल्या रेशमाची हलकी शाल, टोपी वा तान्ह्या बाळाचे कपडे यांना शहरातील ग्राहक मिळू शकतो. एकाच परिसरात सलग तंतू मागाकडे आणि कातलेला धागा सुईकडे गेला, तर धागा पिकविणाऱ्या गावांत त्याच्या मूल्याचा अधिक भाग राहू शकेल.

अर्थात सहकार हा या सर्वांचा पाया असला, तरी तो स्वतः संकटमुक्त नसतो. शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू येथील 'चरक' ही महिलांची सहकारी संस्था नैसर्गिक रंगांच्या हातमाग कपड्यांसाठी सर्वदूर परिचित आहे. सूत रंगविण्यापासून कपडे शिवण्यापर्यंतची कामे तिने एका छताखाली आणली. करोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, विक्री मंदावली तेव्हा तिलाही आर्थिक संकट जाहीर करावे लागले. न विकलेल्या कापडात भांडवल किती काळ अडकून राहू शकते, हा प्रश्न सुस्थितीतील संस्थेलाही चुकत नाही. सामायिक सुविधेबरोबर खेळत्या भांडवलाचा राखीव निधी असावा, असा याचा अर्थ घेता येईल.

माग आणि सुई यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. एकाला सुरुवातीचा आधार हवा, दुसरीला शेवटचा. हा भेद ओळखून आखलेली योजना थोड्या निधीतही टिकाऊ उत्पन्न देऊ शकेल. तो न ओळखता आखलेली योजना प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे देईल, एक-दोन प्रदर्शने भरवील आणि निधी संपताच थांबेल. देवनहळ्ळीच्या परिसरात जमिनीचा भाव दरवर्षी ठरतो आणि वाढतो. तेथील स्त्रीच्या एका तासाचा भाव ठरविणारी यंत्रणा मात्र अजून उभी राहावयाची आहे आणि कोणत्याही विणकाम प्रकल्पाचे यशापयश अखेर त्याच भावाने मोजले गेले पाहिजे.